झाकलेला गुडघा

खाडगाव रोड, लातूर
११ नोव्हेंबर २०२४

प्रिय महामाया,

आत्ताच तुझा फोन ठेवला आणि लगेच कागद घेतला. फोनवर आपण दोघी एकदम बोलतो आणि तुझा आवाज सभेचा असल्यामुळे दर वेळी तूच जिंकतेस. कागदावर तुला मला मध्येच तोडता येणार नाही. आता पुरतं ऐकून घे.

तीन जानेवारीला आमच्या महिला वाचक मंडळाचा सावित्रीबाई जयंतीचा कार्यक्रम आहे. वक्त्या म्हणून तुझं नाव ठरलं आणि तू 'प्रकृतीच्या कारणाने येऊ शकत नाही' असं एका ओळीत कळवून मोकळी झालीस. डी.एड.च्या वसतिगृहात अंगात ताप असताना पाण्याच्या नळासाठी रेक्टरबाईंशी भांडलेली बाई तू! मी हदगावकडची शेतकऱ्याची मुलगी, तोंड उघडायला घाबरायची, तेव्हा तुझ्यामागे रिकामी बादली धरून उभी होते. तुला प्रकृती कधीपासून आली?

म्हणून तुझ्या सुनेला विचारलं. पुनम म्हणाली, "मावशी, आईंचे गुडघे लई दुखून राहिले. एप्रिलपासून एक भाषण केलं न्हाई त्यांनी." एप्रिलपासून! आणि मला तू फोनवर पाऊसपाणी सांगत होतीस.

गुडघ्यांचं मला सांगू नकोस, माझेही झिजलेले आहेत. पण हल्ली मी दिवा लावते. देवापुढचा नाही, गुडघ्याचा. आमच्या ह्यांनी भाच्याकडून मागवून दिला. दोन पट्टे असतात, एकेका गुडघ्याला एकेक. आतल्या बाजूला लाल दिव्यांचे बारीक ठिपके. गुडघ्याभोवती गुंडाळायचे, बटण दाबायचं आणि वीसेक मिनिटं पाय लांब करून बसायचं. मंद ऊब येते आणि दिवे आपोआप बंद होतात. वास नाही, तेलाने साडी खराब होत नाही. मी आता जिना उतरते, महामाया.

तशीच एक जोडी तुझ्यासाठी एस.टी. पार्सलने पाठवली आहे. लाव, आणि तीन तारखेला ये.

तुझी,
सिंधू

&nbsp;

तरोडा, नांदेड
१६ नोव्हेंबर २०२४

प्रिय सिंधू,

जय भीम. पार्सल मिळालं. उघडून पाहिलं, पुन्हा बांधलं आणि कपाटावर ठेवून दिलं.

माझ्या गुडघ्यांवर सध्या अर्धं नांदेड उपाय शोधून राहिलं आहे. शेजारच्या पार्वतम्माने देगलूरहून कसलं काळं तेल आणलं. त्याच्या वासाने मांजर घर सोडून गेलं. माझ्या एका जुन्या विद्यार्थ्याने तांब्याचं कडं दिलं. चुंबकाची गादी विकणारा एक जण मंगल कार्यालयात सभा घेतो आणि म्हाताऱ्या माणसांना फुकट चहा पाजून टाळ्या वाजवायला लावतो. या सगळ्यांचं वाक्य एकच: "आमच्या अमक्याला फरक पडला." सिंधू, गावोगाव फिरून मी आयुष्यभर एवढंच सांगत आले की 'फरक पडला' हा पुरावा नव्हे. भगतसुद्धा तेच सांगतो. ताप आपोआप उतरतो आणि कोंबडं भगत खातो. अंगारा असो, गादी असो की बटणाचा लाल दिवा असो, दुखणाऱ्या माणसाची आशा विकून जो पोट भरतो त्याच्याशी माझं भांडण आहे. तू मैत्रीण आहेस म्हणून तुझ्या दिव्याला सूट मिळणार नाही.

आता एप्रिलचं सांगते, कारण तू पुनमकडून अर्धंच ऐकलंस. बिलोलीला जयंतीची सभा होती. माझं माहेरचं गाव, समोर मैदान भरलेलं. बोलता बोलता गुडघा लटपटला आणि मी माइकचा दांडा धरला. संयोजक धावत खुर्ची घेऊन आले. मला बसवलं आणि म्हणाले, "हां मॅडम, बोला आता." मला बोलता आलं नाही. शब्द तोंडात होते, पण आवाजच फुटेना. मी जय भीम म्हणून उतरून आले.

माझी आई सरजाबाई ह्याच गावात चावडीपुढे बोलायची ती लांबून, मातीत बसून, मान खाली घालून. तिची मुलगी त्या गावात उभी राहून बोलली. ते उभं राहणं मला कुणी बक्षीस दिलेलं नाही. आमच्या माणसांनी ते मिळवलेलं आहे. खुर्चीत बसून भाषण मी करणार नाही. उभं राहता येत नसेल तर घरी बसेन. तुझ्या मंडळाने दुसरी वक्ती बघावी.

जिना उतरायला लागलीस हे वाचून मात्र आनंद झाला. कारण काहीही असो.

महामाया

&nbsp;

लातूर
२१ नोव्हेंबर २०२४

प्रिय महामाया,

तुझं पत्र ह्यांना मोठ्याने वाचून दाखवलं. 'दुखणाऱ्या माणसाची आशा विकून' इथे ह्यांनी टाळी वाजवली आणि मग माझ्याकडे बघून हात खाली घेतला.

बिलोलीचं वाचून वाईट वाटलं. त्यावर फोनवर दोन शब्द बोलता आले असते, पण तू मला रडू दिलं नसतंस, म्हणून इथेच लिहिते.

आता भांडणाचं. 'फरक पडला' हा पुरावा नव्हे, कबूल. मग 'फरक पडणारच नाही' हा पुरावा कधीपासून झाला? पार्सल बांधून कपाटावर ठेवणं ही कुठली तपासणी? आपल्या पोथीत नाही म्हणून दुर्बिणीला डोळा न लावणाऱ्यांची नक्कल करून तू भरसभेत लोकांना हसवायचीस. आज तू तेच करायलीस, बाई. मला तर वाटतं तू त्या दिव्याला घाबरतेस. फरक पडला नाही तर प्रश्नच नाही. पण पडला तर? सिंधू खरी ठरेल, हे भय!

डॉक्टरला विचार. स्वतः तपासून बघ. आणि मगच मला शिव्या घाल.

मंडळाला मी सांगितलंय की बाई विचार करत आहेत.

सिंधू

&nbsp;

नांदेड
२९ नोव्हेंबर २०२४

प्रिय सिंधू,

तुझं पत्र वाचून दोन दिवस मी घरात कुणाशी नीट बोलले नाही. तिसऱ्या दिवशी कपाटावरून पार्सल काढलं. दुर्बिणीचा टोमणा वर्मी लागला, हे मान्य.

आधी हाडांच्या डॉक्टरांकडे गेले. विरूपाक्ष नावाचे आहेत, वयाने माझ्या विद्यार्थ्यांच्या मुलांएवढे. मी विचारलं, "या दिव्याने गुडघा बरा होतो की नाही? एका शब्दात सांगा." ते म्हणाले, "मॅडम, एका शब्दात नाही सांगता येणार. झीज भरून येत नाही. दुखणं मात्र काहींचं काही काळ कमी होतं, काहींचं होत नाही. अभ्यास झालेत, पण सगळे एका मताचे नाहीत. डोळ्यांसमोर धरू नका, जखमेवर लावू नका, मग करून बघायला हरकत नाही. पण मांडीचे व्यायाम मी गेल्या वर्षी सांगितले होते ते करता का?" मी म्हटलं, "प्रश्न मी विचारून राहिले, डॉक्टर." त्या माणसाच्या बोलण्यात इतके 'कदाचित' होते की त्याला निवडणुकीत अनामत रक्कमही परत मिळणार नाही.

मग मीच परीक्षा आखली. माझे दोन्ही गुडघे सारखेच दुखतात. दोन्हींना पट्टा बांधायचा. पण एका पट्ट्याच्या आतून पुनमने जाड काळं कापड लावायचं, म्हणजे उजेड कातडीपर्यंत पोचणारच नाही. कुठल्या ते फक्त तिला माहीत. दोन्ही पट्ट्यांना वरून तिने सारखे गिलाफ शिवले आहेत. बाहेरून काही कळत नाही. बांधते तीच, सोडते तीच, आणि मी त्या वेळी भिंतीकडे बघते. ऊब दोन्हीकडे सारखीच लागते, तेव्हा त्यावरूनही ओळखता येत नाही. व्यायाम दोन्ही पायांना सारखे, नाहीतर एका पायाला जास्तीचा फायदा मिळून परीक्षा बिघडेल. म्हणून ते कंटाळवाणं पाय उचलणंही रोज करते आहे.

संध्याकाळी ओट्यावर पाय लांब करून बसते तेव्हा गल्लीतल्या बाया बघायला जमतात. पार्वतम्मा म्हणते, "बाई, पायाला गिलाफ घालून बसल्या, उश्या कमी पडल्या का?"

तीन आठवडे झाले की निकाल कळवीन. निकाल काहीही लागला तरी तो खरा असेल. तुझ्यासारखं 'फरक पडला' नव्हे.

महामाया

&nbsp;

नांदेड
१८ डिसेंबर २०२४

प्रिय सिंधू,

उजवा!

मी हरले आणि इतक्या आनंदाने कधी हरले नव्हते. उजवा गुडघा पायरीवर आधी पडतो. उजव्यावर भार देऊन मी काल भाजीवाल्याशी भांडण संपेपर्यंत उभी राहिले. डावा अजून कुरकुर करतो, पण उजव्याची संगत लागून तोही जरा सुधारला आहे. पुनमने डावा झाकलेला आहे हे मी तिला न विचारता सांगते. तिला म्हटलं, "सांग, बरोबर ना?" तर ती लाजून स्वयंपाकघरात गेली. विज्ञानाच्या विजयाने माणूस असा भारावतो.

कालच ओट्यावर मी सर्वांसमोर जाहीर केलं की माझं म्हणणं चुकलं. चूक कबूल करायला लाजणारा माणूस विवेकवादी नव्हे. एकीने दिवा कुठे मिळतो तो पत्ता लिहून घेतला, दुसरीने तो मागवायला मुलाला फोन लावला.

तुझ्या मंडळाला कळव: तीन जानेवारीला मी येते. उभी राहून बोलणार, पूर्ण वेळ. माझी एकच अट आहे. व्यासपीठावर माझ्या आसपास खुर्ची ठेवू नये. खुर्ची दिसली की संयोजकांचे हात शिवशिवतात.

तुझी आणि आता तुझ्या दिव्याचीही,
महामाया

&nbsp;

नांदेड
२० डिसेंबर २०२४

प्रिय सिंधूमावशी,

हे पत्र मी शाळेत, मधल्या सुट्टीत शिक्षकांच्या खोलीत बसून लिहिते आहे. घरी लिहिलं तर आई विचारतील कुणाला. मला खोटं बोलता येत नाही, तोंड लाल होतं.

मावशी, मी एकही गुडघा झाकला नाही.

कापड कापलं होतं. पहिल्या दिवशी डाव्या पट्ट्यात घालायला गेले. आई भिंतीकडे तोंड करून, पाय लांब करून बसलेल्या, आणि डाव्या गुडघ्याला सूज. मला वाटलं, औषध हातात असताना एका गुडघ्याला द्यायचं आणि दुसऱ्याला फसवायचं, हे कसं करू? कापड तसंच पदराखाली घेतलं. म्हटलं उद्या घालू. दुसऱ्या दिवशीही हात धजला नाही. मग तर तीन आठवडे तसेच गेले. दोन्ही गुडघ्यांवर सारखाच उजेड पडला आहे, आणि आई 'उजवा, उजवा' म्हणून सगळ्या गल्लीला सांगून राहिल्या.

चालणं सुधारलं हे मात्र खोटं नाही. ते दिव्याने, की वर्षभर टाळलेला व्यायाम रोज केल्याने, की ओट्यावर चार बायांत हसण्याने, मला काय कळणार? आता खरं सांगितलं तर त्या लातूरला येणार नाहीत. म्हणतील, खोट्या निकालावर मी व्यासपीठावर चढू? आणि नाही सांगितलं तर त्या भरसभेत उजव्या गुडघ्याचं सांगतील. मी काय करू? लवकर कळवा.

तुमची,
पुनम

&nbsp;

लातूर
२३ डिसेंबर २०२४

प्रिय पुनम,

तुझं पत्र वाचून इतकी हसले की ह्यांनी पाणी आणून दिलं. बाळा, तू काही वाईट केलं नाहीस. परीक्षा घ्यायला सुनेला बसवलं ही तुझ्या सासूची चूक. अशा कामाला शेजारीण लागते.

तीन तारखेपर्यंत बोलू नकोस. ती येऊ दे, उभी राहू दे, बोलू दे. नंतर मी सांगते. शिव्या मला पडू देत, मला सवय आहे.

तू इतकं खरं लिहिलंस तर मीही तुला एक सांगते, पण तुझ्यापाशीच ठेव. सुरुवातीचे काही आठवडे दिव्याने मला बरं वाटलं होतं, खरंच वाटलं होतं. मग थंडी पडली आणि पहिल्यासारखं झालं. जिना उतरते असं मी महामायाला लिहिलं. उतरतेच की. पण बसून, एकेक पायरी सरकत. कसं उतरते ते तिने विचारलं नाही आणि मी लिहिलं नाही.

मंडळात मी दसऱ्यापासून गेलेली नाही. तिथे सतरंजी असते ना. खुर्च्या पाहुण्यांना आणि फोटो काढणाऱ्याला. मला खाली बसता येत नाही. बसले तर उठवायला दोघी लागतात, आणि सगळ्या बघतात. म्हणून मंडळाचं सगळं काम फोनवरून करते. तीन तारखेचं भाषणही ह्यांच्या फोनवर घरीच बघणार. महामायाला म्हणेन, ताप आला.

तिला यातलं काही कळू देऊ नकोस. ती आली की मला पुरे.

तुझी मावशी,
सिंधू

&nbsp;

नांदेड
२७ डिसेंबर २०२४

सिंधू,

'प्रिय' मुद्दाम लिहिलेलं नाही.

तुझं पुनमला लिहिलेलं पत्र मी वाचलं. पाकिटावर तुझं अक्षर होतं. तुझ्या अक्षराचं पाकीट माझ्या घरात येतं आणि ते मी वरचं नाव बघून मग उघडते, असं तुला वाटलं होतं का? पुनम शाळेतून आली तेव्हा मी ते हातात घेऊन बसले होते. तिने खांद्यावरची पिशवी ठेवली आणि सगळं सांगून टाकलं.

तिला मी काही बोलले नाही. काय बोलणार? 'सासूच्या एका गुडघ्याला तू उपाशी का ठेवलं नाहीस' असं? आयुष्यात पहिल्यांदा मी शास्त्रीय परीक्षा घेतली आणि ती माझ्याच घरातल्या मायेने बुडवली. पण त्याहून मोठी फजिती माझी आहे. दोन्ही गुडघ्यांवर सारखा उजेड पडत होता आणि मी उजव्याचा जाहीरनामा काढला! डाव्याला मी मनातल्या मनात काळं कापड लावलं होतं आणि तो बिचारा तसा कुरकुरत राहिला. बिनपुराव्याच्या बोलण्यावर इतकी वर्षं तोंडसुख घेतलं, आणि दिव्याचे पत्ते माझ्याच ओट्यावरून वाटले गेले.

हे सगळं मी गिळलं असतं. सतरंजीचं गिळता येत नाही.

सिंधू, मी इतक्या सभा केल्या. वरून बघितलं तर समोर सतरंजीवर बाया, मागे खुर्च्यांवर पुरुष. मी त्यांना सांगायची, बायांनो उठा, पुढे या. आणि एका वयानंतरच्या बाया समोरून नाहीशा व्हायच्या. ह्या वर्षी दिसायच्या, पुढच्या वर्षी नाही. मला वाटायचं, म्हातारपणी भजनाला लागल्या. माझं बोलणं त्यांना कडू लागतं. एका बैठकीत मी तसं बोललेसुद्धा. आणि त्या बाया घरी बसल्या होत्या, का? तर खाली बसता येत नाही, आणि खुर्ची मागायची लाज वाटते! ज्या बाईने मंडळ काढलं, ती आपल्याच मंडळाच्या सभेला घरात ताप घेऊन बसणार!

विचार कितीही मोठा असू दे. त्याच्या दारात गुडघा अडत असेल तर ते दार लहान आहे.

आता ऐक. तीन जानेवारीला सतरंजी अंथरायची नाही. येईल त्या प्रत्येक बाईला खुर्ची. ज्यांचे गुडघे गेले त्या पहिल्या रांगेत, आणि रांगेच्या मध्यावर तू. ज्या यायच्या बंद झाल्या त्यांच्या घरी निरोप पाठव, की बसायला खुर्ची आहे. हे झालं तर मी येते. तू घरी राहिलीस तर तुझ्या जिन्याखाली उभी राहून भाषण करीन, गल्ली ऐकेल.

उभं राहायचं कसं ते माझं मी बघीन. काल स्वयंपाकघरात उभी राहून बघितलं. निकाल सांगत नाही. निकाल सांगणं मी सध्या बंद केलं आहे.

महामाया

&nbsp;

लातूर
५ जानेवारी २०२५

प्रिय पुनम,

तुमच्या शाळेत जयंती कशी झाली ते कळव. तुला येता आलं नाही म्हणून इथलं सगळं लिहिते. तुझ्या सासूबाई सांगतील त्यात त्यांचं भाषणच तेवढं असेल.

खुर्च्या आल्या. मंडपवाला म्हणाला, "बायांच्या कार्यक्रमाला एवढ्या खुर्च्या? लग्न हाय का?" आमचे हे म्हणाले, "लग्नच समज." आणि बाया आल्या, पुनम! काठी टेकत, रिक्षातून, नातसुनेच्या खांद्यावर हात ठेवून. मंडळाच्या पहिल्या वर्षी पाहिलेले काही चेहरे मी आता परत पाहिले. एकमेकींना बघून त्यांनी इतका गलका केला की सूत्रसंचालन करणाऱ्या मुलीला कुणी ऐकलंच नाही. मी पहिल्या रांगेत, मध्ये. जिना उतरायला ह्यांचा हात धरला, आणि कुणी बघितलं तर बघू दिलं.

पण निम्म्या बाया सावित्रीबाईंसाठी आलेल्या नव्हत्या. 'नांदेडची बाई लाल दिव्याने चालायला लागली' ही बातमी गावभर झाली होती. मी फक्त दोघींना सांगितलं होतं, आणि तेही डिसेंबरात, तिच्या 'उजवा!'च्या आनंदात. एकीच्या हातात तर छापील जाहिरात होती.

महामाया व्यासपीठावर चढली, माइकच्या दांड्यावर हात ठेवला आणि पहिलाच प्रश्न केला, "दिव्यासाठी कोण कोण आलंय? हात वर करा, लाजू नका." हात वर झाले. ती म्हणाली, "मग आधी दिव्याचं. त्याने माझे गुडघे बरे झाले का? मला माहीत नाही."

'मला माहीत नाही' हे तिच्या तोंडून मी वसतिगृहापासून आजवर ऐकलं नव्हतं.

मग तिने सगळं सांगितलं. भिंतीकडे तोंड, गिलाफ, उजव्याचा जाहीरनामा. "आणि माझ्या सुनेने गुडघा झाकलाच नव्हता," म्हणाली तेव्हा असा हशा झाला! मागून कुणीतरी ओरडलं, "अशी सून आमाला बी पायजे!" तुझं नाव घेतलं तिने, पुनम, अभिमानाने. मग म्हणाली, "डॉक्टरला विचारा. तो हो म्हणाला आणि लावून बरं वाटलं तर लावा, मी अडवणार नाही. पण पाय उचलायचा व्यायाम सोडू नका. आणि हमखास बरं करतो म्हणणारा कुणी आला तर त्याला दारातून परत पाठवा. तो माझ्यासारखा माइक घेऊन आला तरी!"

तिथून ती सावित्रीबाईंवर आली आणि आवाज चढला. तोच जुना आवाज, पत्र्यांना कंप सुटेल असा. पण मी समोरून तिच्या साडीच्या निऱ्या बघत होते. त्या थरथरायला लागल्या होत्या. व्यासपीठावर खुर्ची नव्हती; तिचीच अट. असती तरी न्यायची कुणाची छाती होती?

माझ्या शेजारी निलंग्याकडची शांतम्मा बसली होती. वय ऐंशीच्या पुढे. तिने काठी वर केली.

"ओ बाई, जरा थांबा की."

महामाया थांबली. भाषणात तिला कुणी थांबवत नाही. "काय झालं, मावशी?"

"तुमी तितं वर उभ्या, आमी हितं खाली. वर बघून बघून मान दुखायलीय. गुडघे तर गेलेच, आता मान बी घालवता काय? खाली येऊन बसा की."

"मग आधी का नाही सांगितलं?"

"तुमी बोलू दिलं तर सांगू की!"

सगळ्या हसल्या. मी नाही हसले. मला बिलोली दिसत होती. ती आता जय भीम म्हणेल आणि उतरून निघून जाईल, असं वाटलं.

उतरली खरी. कठडा धरून, एकेक पायरी. मंडपवाल्याकडे बघून म्हणाली, "एक खुर्ची आणा. इथे, यांच्यासमोर." आणि बसली. शांतम्माच्या गुडघ्यांना तिचे गुडघे जवळजवळ टेकले होते. माइक तोंडाशी धरला, ओठ हलले, पण आवाज आला नाही. मग तिने माइक शांतम्मापुढे धरला आणि हळू म्हणाली, "तुम्ही बोला, मावशी. मी ऐकते."

शांतम्माने माइक दोन्ही हातांनी धरला, नीट न्याहाळला आणि म्हणाली, "मी काय बोलू? मला अक्षर येत न्हाई. पण एक सांगते. माझी नात लई शिकली, अन् तिला भाकरी थापायला येत न्हाई. शिकून काय फायदा झाला, सांगा!"

बस. पुढचं तू डोळ्यांसमोर आण.

"काय फायदा झाला?" महामाया म्हणाली. माइक शांतम्माच्याच हातात राहिला होता, आणि तरी शेवटच्या रांगेतल्या बाया दचकून सरळ झाल्या. आमचे हे दारात उभे होते, ते आत आले. मंडपवाला चहा टाकून बघायला आला. "मावशी, तुमच्या नातवाला येते का भाकरी? त्याला विचारलं का कधी?" शांतम्मा म्हणाली, "त्याला कशाला विचारू?" आणि मग जे सुरू झालं ते भाषण म्हणावं की भांडण, मला ठरवता येत नाही. शांतम्मा एक म्हणायची, महामाया दहा म्हणायची, मध्येच मागून कुणी उठून तिसरंच सांगायची. सावित्रीबाई आल्या, भाकरी आली, नाती आल्या. टाळ्या वाजवायच्या कुठे तेच कळेना, म्हणून बाया सारख्याच वाजवत होत्या.

इतका वेळ ती खुर्चीत बसून बोलत होती, पुनम, आणि ते तिच्या लक्षातच आलं नाही. मी आठवण करून दिली नाही. तूही देऊ नकोस.

ती आज निघणार होती, पण शांतम्माने तिला दुपारी घरी बोलावलं आहे. वाद अजून मिटलेला नाही.

तुझी मावशी,
सिंधू